भावनिक बुद्धिमत्ता आणि सावरण्याची क्षमता (बाल व किशोरवय)

स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, त्याला शब्द देणे आणि भावनेच्या भरातही वागण्याचा तोल राखणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता. पीटर सालोवे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत गेली. धक्का बसल्यावर पुन्हा उभे राहण्याची क्षमता तिच्याशी जवळून जोडलेली आहे. न रडणारे मूल खंबीर, हा समज मात्र फार चिवट आणि तितकाच चुकीचा आहे.

हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, पालकांचे आजार, घरातला कलह अशी अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. ते आईवडीलच असायचे असे नाही. कधी आजी, कधी शिक्षक. या विषयात याहून मोलाची गोष्ट क्वचितच सापडेल.

हा भरवसा अगदी साध्या प्रसंगांतून तयार होतो. चार वर्षांच्या मुलीचा ठोकळ्यांचा मनोरा धाकटा भाऊ पाडतो. ती किंचाळून ठोकळा उगारते. ‘त्यात काय एवढं!’ म्हटले की तिचा राग दुप्पट होतो. तेच कुणी शेजारी बसून, उगारलेला हात हलकेच धरून म्हणाले, ‘इतका वेळ खपून रचलास आणि पडला. राग आला ना? पण मारायचं नाही,’ तर हुंदके हळूहळू ओसरतात. लहान मूल आधी दुसऱ्याच्या शांतपणाच्या आधाराने शांत होते. स्वतःचे स्वतः सावरणे नंतर येते.

आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यामुळे किशोरवयातल्या दार आपटण्याला उद्धटपणाच समजू नये. इथे सल्ल्याआधी ऐकून घेणे जास्त उपयोगी पडते.

शाळांतही हे शिकवता येते. अशा २१३ शालेय कार्यक्रमांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात मुलांच्या वागण्याबरोबर अभ्यासातही सुधारणा दिसली.

मात्र मारहाण किंवा छळ सोसायला शिकवणे याला सावरणे म्हणत नाहीत. तिथे आधी छळ थांबवावा लागतो. दीर्घकाळ टिकणारी उदासी किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.