नोकरी सांभाळून पीएमपीची तयारी (नागपूर)

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, अमेरिकेतल्या पीएमआय या संस्थेचं सर्टिफिकेट, 1984 पासून चालू आहे. नागपुरात याचा अभ्यास करून राहिलेले बहुतेक जण नोकरीवालेच, कोणी मिहानच्या आयटी कंपनीत, कोणी बुटीबोरीच्या प्लांटवर, कोणी पुलाच्या साइटवर, कारण अनुभव असल्याशिवाय अर्जच करता येत नाही: डिग्रीवाल्याला प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा, डिप्लोमावाल्याला 60 महिन्यांचा, वर 35 तासांचं ट्रेनिंग. अर्ज ऑडिटला लागू शकतो, म्हणजे लिहिलेला अनुभव खरा का ते तपासतात, म्हणून जुन्या साहेबांना आधीच फोन करून ठेवलेला बरा.

2021 मध्ये आलेल्या पॅटर्नमध्ये 180 प्रश्न, 230 मिनिटं, दर 60 प्रश्नांनंतर 10 मिनिटांचा ब्रेक, आणि ब्रेक घेतला की मागचे प्रश्न बंद. साधारण अर्धा पेपर अ‍ॅजाइल (काम छोट्या टप्प्यांत, बदल घेत करायचं) आणि हायब्रिडचा (अ‍ॅजाइल आणि आधी सगळं ठरवून करायची पद्धत यांचं मिश्रण), तिथे सिव्हिलवाले अडकतात. गणित त्यामानाने सोपं: आजवर 12 लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं 9 लाखांचं, खर्च झाला 10 लाख, तर एसपीआय (झालेलं काम भागिले व्हायला हवं होतं ते काम) 0.75 आणि सीपीआय (झालेलं काम भागिले खर्च) 0.9, म्हणजे काम मागे पण आहे आणि महाग पण पडतंय.

खरी अडचण कामाच्या सवयीची असते. क्लायंट म्हणाला एवढं वाढवून द्या की साइटवर आपण लगेच माणसं लावतो, कागद नंतर, पण पेपरमध्ये आधी परिणाम तपासायचा, मग चेंज रिक्वेस्ट (बदलाची लेखी मागणी), मंजुरी आली की मगच काम. टीममध्ये दोघांचं भांडण झालं तर थेट वर तक्रार करायची नाही, आधी त्यांच्याशी बोलायचं. अनुभवी लोकांचे मार्क इथेच जातात, म्हणून मॉक दिल्यावर चुकलेला प्रत्येक प्रश्न परत वाचून आपण ऑफिसात काय केलं असतं आणि उत्तर काय आहे हे शेजारी-शेजारी लिहावं, नुसता मॉकवर मॉक देऊन फार फरक पडत नाही.

वेळेचं म्हणाल तर खापरी ते सीताबर्डी मेट्रोत फॉर्म्युले होतात, पूर्ण मॉकला मात्र रविवारची सकाळच लागते, सलग चार तास, फोन बंद. मार्च एंडिंगला तारीख घेऊच नये. परीक्षा घरून ऑनलाइन पण देता येते, पण लाइट-नेटचा भरवसा नसेल तर सेंटरच बरं. पास झाल्यावर दर तीन वर्षांत 60 पीडीयू (पुढे शिकत राहिल्याचे पॉइंट) भरावे लागतात, नाहीतर सर्टिफिकेट चालू राहत नाही.