कॅम्परमधील एलईडी दिवे

कॅम्परमधील एलईडी दिवे : मुक्कामाची सोय असलेल्या मोटारगाडीच्या आतले तारेचे बल्ब, हॅलोजन बल्ब किंवा लहान ट्यूब काढून त्यांच्या जागी एलईडी बसविणे. परिभाषेत एलईडीला प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ असा शब्द आहे; गॅरेजमध्ये तो कुणी वापरत नाही. कोकणात हा बदल मुख्यतः ट्रॅव्हलर वर्गातील गाड्यांवर आणि जुन्या बसवर बांधलेल्या कॅम्परमध्ये केला जातो. ट्रॅव्हलर वर्गाची विद्युत यंत्रणा १२ व्होल्टची, तर मोठ्या बसच्या सांगाड्यावरील गाडीची बहुधा २४ व्होल्टची असते. खरेदीआधी पाहायची पहिली गोष्ट हीच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून राज्यात या गाड्यांची चर्चा वाढली.

किनाऱ्यावर ‘एलईडी’ हा शब्द नुसता उच्चारला, तर बंदरात त्याचा अर्थ वेगळा होतो : प्रखर दिव्यांच्या उजेडात मासळी गोळा करून केली जाणारी मासेमारी. तिच्यावर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. त्या दिव्यांचा या नोंदीशी संबंध नाही. मात्र खाऱ्या हवेत वायरिंग कसे टिकवावे, याबाबत होड्यांचे वायरमन कॅम्पर बांधणाऱ्यांच्या पुष्कळ पुढे आहेत.

शोधाचा प्रश्न : एलईडीचा जनक कोण, यावर एकमत नाही. इंग्रज अभियंता एच. जे. राउंड यांनी १९०७ मध्ये कार्बोरंडमच्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) स्फटिकावरील दोन बिंदूंमध्ये १० व्होल्ट दाब दिला असता पिवळसर उजेड पडल्याचे एका छोट्या टिपणात कळविले. टिपण अगदी त्रोटक आहे आणि राउंड यांनी पुढे या विषयाचा पाठपुरावा केल्याचे दिसत नाही. रशियातील ओलेग लोसेव यांनी १९२० च्या दशकात तोच आविष्कार स्वतंत्रपणे पाहिला आणि १९२७ पासून त्यावर लेख लिहिले. उजेड देणाऱ्या पृष्ठभागावर बेंझिनचा थेंब ठेवून तो किती वेगाने उडतो हे त्यांनी पाहिले आणि हा उजेड तापण्यातून येत नाही, असा निष्कर्ष काढला. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचा अंत झाला. अमेरिकी लेखक सहसा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधील जेम्स बियर्ड व गॅरी पिटमन यांच्या १९६१ च्या अवरक्त (इन्फ्रारेड) एलईडीपासून, किंवा जनरल इलेक्ट्रिकमधील निक होलोन्याक यांच्या १९६२ च्या दृश्य लाल एलईडीपासून आरंभ धरतात. व्यवहारात वापरता येईल असे साधन हा निकष लावला, तर तो ग्राह्य आहे. पण आविष्कार ओळखून त्याचे पद्धतशीर मापन करणे हा निकष असेल, तर लोसेव यांचा दावा अधिक भक्कम वाटतो. खोलीत किंवा गाडीत लावण्याजोगा पांढरा एलईडी मात्र या पाचजणांपैकी कुणाचाच नाही. त्याला निळा एलईडी लागतो. निळ्या चिपवर पिवळे प्रस्फुरक (फॉस्फर) चढवले की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. निळ्या एलईडीसाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅम्परच्या आत पांढरे एलईडी साधारणतः २००० नंतरच्या दशकात रुळले असावेत.

वीज आणि दाब : सहा दिव्यांत प्रत्येकी १० वॉटचा तारेचा बल्ब असेल, तर १२ व्होल्टवर एकूण ५ अँपिअर प्रवाह लागतो, रात्री चार तासांत २० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून आयुष्य न घटवता निम्मेच वापरावेत, हा हिशेब धरला तर त्यातला मोठा वाटा नुसत्या उजेडातच जातो. त्याच जागी दीड वॉटचे एलईडी लावले की प्रवाह पाऊण अँपिअरवर येतो आणि चार तासांना ३ अँपिअर-तास पुरतात. जून ते सप्टेंबर छतावरचे सौर पॅनेल ढगांखाली कण्हत असते, तेव्हा हा फरक उघड दिसतो.

मात्र ‘१२ व्होल्ट’ हा आकडा नावापुरता आहे. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्थिर असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना दाब १४ च्या वर जातो आणि सौर चार्ज कंट्रोलर १४.४ ते १४.८ पर्यंत चढवतो. स्वस्त एलईडी पट्टीत तीन एलईडी आणि एक रोधक (रेझिस्टर) एका साखळीत असतात. प्रत्येक एलईडीला ३.२ व्होल्ट धरले तर तिघांना ९.६ व्होल्ट लागतात; १२ व्होल्टवर उरलेले २.४ व्होल्ट १२० ओहमच्या रोधकावर पडतात आणि २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. दाब १४.४ झाला की रोधकावर ४.८ व्होल्ट येतात, म्हणजे प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. दाब वाढला फक्त पाचव्या हिश्श्याने. तारेच्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे तो अशी चढउतार सोसतो. एलईडीची साखळी सोसत नाही. दिवसा ऊन चढल्यावर चालू ठेवलेली पट्टी काही महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी, तीन-तीन एलईडी करत विझते, त्याचे कारण बहुधा हेच.

उपाय म्हणजे प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर (छोटे सर्किट) आत असलेला एलईडी घेणे. त्याच्या वेष्टनावर ‘१० ते ३० व्होल्ट’ अशी व्याप्ती छापलेली असते. नुसते ‘१२ व्होल्ट’ लिहिलेले असेल तर आत रोधकच आहे असे समजावे. ड्रायव्हर असलेला, १० ते ३० व्होल्टचा दिवा २४ व्होल्टच्या गाडीतही चालतो. हलक्या प्रतीच्या ड्रायव्हरमुळे एफएम रेडिओत खरखर येते. सगळे दिवे घेण्याआधी एक लावून, रेडिओवर दूरचे क्षीण केंद्र धरून पाहावे.

बल्बचे प्रकार : छतावरच्या जुन्या दिव्यांत दोन्ही टोकांना धातूची टोपणे असलेला लांबट फेस्टून बल्ब असतो. त्याची लांबी ३१, ३६, ३९ किंवा ४१ मिलिमीटर असते आणि ती पट्टीने मोजूनच घ्यावी. ३९ च्या जागी ३६ चा बसवण्यासाठी होल्डरच्या पात्या आत वाकवल्या, तर आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरेपर्यंत बल्ब खाली आलेला असतो. याशिवाय टी-१० म्हणजे कॅपलेस (धातूची टोपी नसलेला), पिनांचा जी-४ हॅलोजन, आणि सिंगल वा डबल कॉन्टॅक्टचा फिरवून बसणारा बल्ब आढळतो. ५ वॉटच्या कॅपलेस बल्बचा प्रमाणित प्रकाश ५० ल्युमेन, तर २१ वॉटच्या सिंगल कॉन्टॅक्टचा ४६० ल्युमेन आहे. तेव्हा खोक्यावरच्या वॉटपेक्षा ल्युमेन (उजेडाचे माप) पाहून जोडी जुळवावी. परदेशातून आलेल्या काही कॅम्परमध्ये २३० व्होल्टवरून हॅलोजनसाठी इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर असतो. एलईडीचा भार त्याला इतका कमी पडतो की दिवे लुकलुकतात किंवा लागतच नाहीत. तो काढून दिवे थेट बॅटरीच्या वाटेवर घ्यावे लागतात.

खारी हवा : किनाऱ्यावरच्या गाडीत एलईडी निकामी झाला असे वाटते, तेव्हा पुष्कळदा निकामी झालेला असतो तो सांधा. जुना बल्ब होल्डरला दोन प्रकारे सांभाळत होता, हे तो काढल्यावर कळते. पहिले, त्याच्या उष्णतेने होल्डरमधला दमटपणा वाळत असे. दुसरे, थंड तारेत क्षणभर नेहमीच्या दहापट प्रवाह शिरतो आणि तो झटका स्विचच्या व होल्डरच्या पात्यांवरचा ऑक्साइडचा पातळ थर फोडतो. १० वॉटचा बल्ब पाऊण अँपिअरहून अधिक घेतो. त्याच्या जागी आलेला एलईडी जेमतेम ०.१ अँपिअर. एवढ्याशा प्रवाहाला तो थर भेदता येत नाही. मग दिवा लुकलुकतो, टिचकी मारली की लागतो, आणि दोष नव्या एलईडीला दिला जातो.

म्हणून एलईडी लावण्याआधी पात्या बारीक पॉलिश पेपरने हलके घासून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात आणि बल्ब बसल्यावर सांध्यावर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवावा. चकाकणाऱ्या मुलाम्याच्या पात्या जोरात घासू नयेत. मुलामा गेला की खालचे पितळ एका पावसाळ्यात हिरवे पडते. वायरचे टोक सोलून पाहावे. तांबे काळे दिसले तर लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे कापावे. वीतभर कापूनही काळेच असेल तर वायर बदलावी. नवी वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी; होड्यांचे विद्युत सामान ठेवणाऱ्या दुकानांत ती मागून पाहावी. जाडी वाढवायची गरज नसते. १ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम, जाऊन-येऊन १२ मीटरच्या वायरीत ५ अँपिअरला १ व्होल्ट खर्च होतो, पाऊण अँपिअरला ०.१५ व्होल्ट. एलईडी लावून मोजलेली घट अर्ध्या व्होल्टहून जास्त निघाली, तर वाटेत कुठेतरी सांधा सडलेला आहे, बहुधा बॉडी अर्थचा, म्हणजे गाडीच्या पत्र्याला दिलेल्या ऋण जोडणीचा. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीवर वरचेवर चढणाऱ्या गाडीत तो प्रथम तपासावा.

बसविणे : सौर पॅनेल असेल तर आधी पॅनेल, मग बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, जोडताना उलट क्रम. तारेच्या बल्बला धन-ऋण समजत नाही, बऱ्याच एलईडींना समजते. लागला नाही तर उलटा करून पाहावा. फेस्टून एलईडीच्या पाठीवरची धातूची पट्टी दिव्याच्या पत्र्याला टेकली तर फ्यूज उडतो. टेकण्याची शक्यता असेल तिथे कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या वीजरोधक टेपचा) तुकडा लावावा. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तरी सगळे दिवे बदलल्यावर १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज काढून ३ अँपिअरचा लावता येतो, आणि सडलेल्या वायरीचे शॉर्ट लवकर पकडले जाते. स्विच बंद असूनही एलईडी मंद उजळत राहिला, तर स्विचमधल्या निदर्शक दिव्यातून गळणारा प्रवाह कारण असतो.

पट्टी लावायची असल्यास ती ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवावी. दमट प्लायवुडवर किंवा रेक्झिनवर नुसता मागचा गोंद श्रावण काढत नाही. मीटरला ६० दिव्यांची ५०५० जातीची (५ × ५ मिलिमीटर एलईडींची) पट्टी १४.४ वॉट खाते, तेव्हा अख्खी पाच मीटरची गुंडाळी लावून वीज वाचवल्याचे समाधान खोटे ठरते. ओट्यावर एक मीटर पुष्कळ झाला. कापलेली टोके सिलिकॉनने बंद करतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांबे खाते, न्यूट्रल क्युअर प्रकार मागावा.

रंग : उजेडाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळसर. राहण्याच्या जागेला २७०० ते ३००० केल्व्हिन, ओट्याला ४०००. स्वस्त म्हणून मिळणारे ६५०० केल्व्हिनचे निळसर पांढरे दिवे पावसाळी किड्यांना अधिक खेचतात. पहिल्या पावसानंतर दार उघडे ठेवून जेवणाऱ्याला याचा पुरावा ताटातच मिळतो. पिवळ्याकडे झुकणाऱ्या उजेडावर किडे कमी येतात, थांबत मात्र नाहीत.

मंडणगड तालुक्यातील वेळास, दापोलीतील आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. पिल्ले साधारणतः फेब्रुवारी ते मे या काळात बाहेर पडतात आणि क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, सरकतात. पांढऱ्या उजेडातला निळा भाग त्यांना उलट्या दिशेने ओढतो. अशा ठिकाणी मुक्काम करणाऱ्या कॅम्परमध्ये समुद्राकडच्या खिडकीजवळचा एक दिवा लाल किंवा गडद अंबर रंगाचा, स्वतंत्र स्विचवर ठेवतात आणि पडदे ओढून घेतात. पांढऱ्या एलईडीवर लाल जिलेटीन कागद चिकटवून तो परिणाम पूर्ण साधत नाही. थोडा निळा उजेड त्यातून गळतोच, म्हणून चिपच लाल असलेला एलईडी घ्यावा.