खुलासा: मासा आमिष घेताच हिसका द्यायचा?

स्ट्राइप्ड बास या माशाबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं ऐकवला जातो: जिवंत आमिष तोंडात गेलं की गळाची कांडी जोरात ओढा, नाहीतर मासा निसटतो. जुन्या, इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकाराच्या गळाला हे लागू होतं. पण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हौशी मच्छिमारांना या माशासाठी नैसर्गिक आमिष लावताना २०२१ पासून सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, सक्तीचा आहे, आणि तिथे हाच हिसका शिकार घालवतो.

कारण या गळाच्या घडणीत आहे. त्याचं टोक दांड्याकडे जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं, म्हणून तो घशात सहसा रुतत नाही. मासा आमिष घेऊन वळतो, दोर ताणला जातो, गळ घशातून घसरत जबड्याच्या कोपऱ्याशी येतो आणि तिथे फिरून अडकतो. मध्येच झटका दिलात तर तो काही न धरता तोंडाबाहेर येतो. म्हणून कांडी माशाच्या दिशेने ठेवा, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) लावा, दोर जड लागला की संथपणे रीळ फिरवा.

आमिष ओवतानाही टोक मोकळं हवं. मेनहेडन या आमिषाच्या माशाच्या नाकपुड्यांतून गळ आरपार काढा, ईल या सापासारख्या माशाच्या खालच्या जबड्यातून वर. टोक मांसात दडलं तर गळ फिरणार कसा?

हा आग्रह फक्त शिकारीसाठी नाही. ठरलेल्या मापात न बसणारा मासा परत सोडावाच लागतो. गळ ओठाच्या कडेला असेल तर तो सहसा जगतो. आतड्यात रुतला तर मरण्याची शक्यता खूप वाढते.