पाइपच्या टीपॉयमागची शंभर वर्षं

सोफ्याखाली पाय सरकवून वर चहाचा कप ठेवायचा पाइपचा टीपॉय सांगली-मिरजेत आता घरोघरी दिसतो. फॅब्रिकेशनवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवला की तो मापं विचारतो. हा आकार मुळात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. युरोपात मात्र याच प्रश्नावर कोर्टकचेऱ्या झाल्या.

बिनजोड पोलादी नळी जर्मनीत 1880 च्या दशकात आली आणि सायकलीत रुळली. 1925 मध्ये देसाऊच्या कलाशाळेतल्या एका तरुण शिक्षकाने सायकलच्या हँडलवरून कल्पना उचलून नळीची खुर्ची केली. पाठोपाठ एकात एक सरकणारी स्टुलं आली आणि तीच टेबल म्हणूनही वापरली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी एका डच वास्तुरचनाकाराने गॅसचे पाइप जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची बनवली. दोघांच्याही खुर्च्या बाजारात आल्या आणि उत्पादकांमध्ये जुंपली.

1932 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या काटकोनी, मागचे पाय नसलेल्या आकाराचं श्रेय डच माणसाला दिलं. खरी मेख पुढे आहे. न्यायालयाने खुर्चीला कलाकृती मानलं. पेटंट ठरावीक वर्षांनी संपतं. कलाकृतीचा हक्क जर्मनीत आज कर्त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं चालतो. तो डच वास्तुरचनाकार 1986 मध्ये वारला, म्हणजे हा हक्क 2056 पर्यंत. वाकवलेल्या पाइपला इतकं दीर्घ संरक्षण द्यावं का, यावर मतं आजही दुभंगलेली आहेत. पण श्रेय नोंदवलं गेलं, हे योग्यच झालं.

कारण ते नोंदवलं गेलं नाही की काय होतं, हे आपल्या टीपॉयच्या मूळ रूपावरूनच कळतं. ते एका आयरिश स्त्रीने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या घरासाठी केलं. घर 1929 मध्ये पूर्ण झालं, त्याच वर्षी सांगलीत आयर्विन पूल खुला झाला. त्या घराचं श्रेय कित्येक वर्षं इतरांच्या नावावर जमा होत राहिलं. टेबल बाजारात यायला 1970 चं दशक उजाडलं. तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती.

भारतात कायदा वेगळा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 नुसार, नोंदणी होऊ शकत असूनही न केलेल्या डिझाइनच्या 50 हून अधिक प्रती औद्योगिक पद्धतीने निघाल्या की तिचा कॉपीराइट संपतो. नोंदणी केली तरी संरक्षण फार तर 15 वर्षांचं. म्हणून कुपवाडच्या वर्कशॉपला चोर म्हणणं अन्यायाचं आहे.

या भागाला नळीचं फर्निचर नवं नाही. किर्लोस्करवाडीत नांगर-पंपांबरोबर लोखंडी फर्निचरही बनत असे, आणि मिरजेच्या दवाखान्यांत पेशंटच्या पलंगावर सरकणारं टेबल याच जातीचं. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, घराघरांतलं प्लायवूड फुगून उकललं. पाइपचं सामान धुऊन पुन्हा वापरता आलं. गंज धरला तो वेल्डच्या सांध्यांवर आणि पाणी आत राहिलेल्या नळीत. नळीची टोकं झाकणं लावून नीट बंद करून घ्या, असं म्हणूनच सांगावंसं वाटतं.

नक्कल करताना एक गोष्ट मात्र हटकून गाळली जाते. मूळ टेबलात दोन उभ्या नळ्या आहेत आणि साखळीला बांधलेली एक पिन. ती भोकातून काढून घालायची की काचेचा गोल वरखाली होतो, साधारण 60 पासून 100 सेंटीमीटरपर्यंत. अंथरुणात बसून नाश्ता करता यावा, यासाठी ही सोय होती असं सांगतात. आपल्याकडे उंची वेल्डिंगने कायमची पक्की करतात. आत सरकणारी नळी सैल न होता बसवायची, भोकं एका रेषेत पाडायची, तर एक इंचाच्या पाइपसोबत नेमक्या मापाचा दुसरा पाइप हवा आणि ड्रिलवर अर्धा तास जास्त. तेवढे पैसे गिऱ्हाइकाने द्यायला हरकत नाही. आजारी माणसाच्या घरात तर ती पिनच सगळ्यात कामाची.