एक नाड, वेगळं गोत्र आणि सहावा मणी

गेल्या महिन्यात भाचीचा बायोडेटा माझ्याकडे 'नजर टाकायला' आला. रास, गण, नाडी, गोत्र, मामेकुळ आणि तळाशी रक्तगट : बी पॉझिटिव्ह. रक्तगट कशाला, म्हटलं. ताई म्हणाली, "एक नाड म्हणजे एकच रक्तगट ना रे! मुलांना त्रास होतो."

हे मी नागपुरात डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. नाड्या 3, रक्तगट 4 (ए, बी, एबी, ओ). इथेच हिशेब फसतो. नवराबायको दोघंही बी पॉझिटिव्ह असले तर मुलाला त्यामुळे काहीही होत नाही. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर मात्र काळजी घ्यावी लागते, त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन आहे. म्हणजे भानगड झालीच तर गट वेगळे असल्याने!

गोत्राचं तर आणखी मजेशीर. ते फक्त बापाकडून येतं, म्हणून मामाची मुलगी 'परगोत्री' ठरते आणि आपल्याकडे चालतेही. प्रत्यक्षात आते-मामे भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. जे मोजायला हवं ते मोजलंच जात नाही.

विदर्भात मोजायला हवं ते सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. गावात लोक 'पॅटर्न' म्हणतात. एएस पॅटर्न म्हणजे वाहक (सिकलसेलचं 'एस' जनुक एकाच पालकाकडून आलेलं), एसएस म्हणजे रुग्ण (दोघांकडून आलेलं).

आता माझ्या आवडीचा भाग, जरा धीर धरा. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत अमिनो आम्लांचे 146 मणी ओवलेले असतात. सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा हवा. डीएनएमधल्या एका अक्षराच्या चुकीने, जीएजीच्या जागी जीटीजी आल्याने, तिथे व्हॅलीन बसतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आहे, हे शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रामने केंब्रिजमध्ये 1957 साली दाखवलं. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमतं, व्हॅलीन तेलासारखं पाणी टाळतं. म्हणजे रेणूच्या अंगावर एक तेलकट ठिपका आला. एवढ्याने काही बिघडत नाही. पण हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवर, 85 आणि 88 क्रमांकांच्या मण्यांपाशी, एक तेलकट खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचा ठिपका त्या खाचेत चपखल बसतो. रेणूला रेणू चिकटत 14 पदरांचा दोर वळला जातो आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते.

खरी गंमत वेळेत आहे. ऑक्सिजन गेल्या गेल्या दोर वळत नाही. थोडा वेळ काहीच घडत नाही, मग एकदम सगळं घडतं. हा थांबा किती, ते पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे त्यावर ठरतं, आणि तेही दाटपणाच्या पंधराव्या ते तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात! दाटपणा 10 टक्क्यांनी वाढला की थांबा कित्येक पटींनी आटतो. पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदाभरात पार होते. तेवढ्यात दोर वळला नाही, तर ती फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते, सुटते. वाहकाच्या पेशीत एस हिमोग्लोबिन 40 टक्क्यांच्या आसपास, बाकीचं चांगलं. थांबा लांब, म्हणून एएस माणूस सहसा ठणठणीत. उलट एसएस रुग्णाने मे महिन्यात, पाणी न पिता, रोजगार हमीच्या खड्ड्यावर काम केलं तर पेशीतलं पाणी घटतं, दाटपणा वाढतो आणि रात्री हाडं फुटल्यागत दुखतात. त्याला कोणी बाहेरची बाधा म्हणतं, कोणी अंगारा लावतं. हवं असतं पाणी, वेदनाशामक आणि दवाखाना.

गावातल्या तपासणीतही हाच खेळ असतो. परीक्षानळीतल्या द्रावणात रक्ताचे थेंब टाकतात, त्यातलं रसायन ऑक्सिजन काढून घेतं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर एस आहे. पण एएस की एसएस, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावी लागते.

दोघंही एएस असतील तर दर खेपेला 4 पैकी 1 शक्यता एसएसची. 'दर खेपेला' हे शब्द महत्त्वाचे. "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली," असं सांगणारे भेटतात. बीजांडाला मागचा हिशेब आठवत नसतो. आणखी एक कोडं : एसएस मुलाचा धडधाकट भाऊ वाहक असण्याची शक्यता किती? निम्मी नव्हे, 3 पैकी 2. चारातली एसएसची शक्यता त्याने धडधाकट राहून आधीच बाद केली. उरलेल्या तिघांत दोन एएस. वाहकाला वाहकही नसलेला आणि रुग्णही नसलेला जोडीदार मिळाला, तर त्यांना एसएस मूल होणार नाही.

हे जनुक टिकलं कसं, तर हिवतापामुळे. एएस मुलांना त्याच्या जीवघेण्या प्रकारापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अॅलिसनने 1954 मध्ये आफ्रिकेतल्या मुलांवरून दाखवलं. जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक साचलं. जातीतच लग्नं होत राहिल्याने तिथेच फिरत राहिलं. कुणाच्या रक्तात दोष असण्याचा यात काही संबंध नाही. 2023 च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांखालच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं तिने ठरवलं.

भाचीने तपासणी करून घेतली. एएस. बायोडेटात ओळ घालू म्हटलं, तर ताई म्हणाली, "लोकांना वाटेल पोरगी आजारी." नाडीची ओळ तशीच आहे. भाचीने रक्तगटाच्या खाली पेनने 'एएस' लिहिलं, आणि पुढे कंसात : मुलाचाही पॅटर्न कळवावा.