डब्ल्यू-४ फॉर्म

अमेरिकेत नवीन नोकरीला लागलं की पहिल्या एक-दोन दिवसातच जे फॉर्म भरून घेतात त्यातला हा एक. दर पेचेकमधून फेडरल इन्कम टॅक्स किती कापायचा हे पेरोलवाले यावरून ठरवतात. वर्षाचा खरा टॅक्स रिटर्न भरतानाच ठरतो, इथे फक्त आगाऊ कपात, म्हणजे आपल्याकडच्या टीडीएससारखंच. सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के या फॉर्मने हलत नाहीत.

पगारातूनच टॅक्स कापायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मधे आली. २०१९ पर्यंतच्या फॉर्मवर अलाउन्सचा (स्वतः, जोडीदार, मुलं अशा माणसांमागे धरायच्या सवलतीचा) आकडा टाकायचा असायचा, जितके अलाउन्स जास्त तितकी कपात कमी, आणि २०१९ मधे एका अलाउन्समागे वर्षाचे ४,२०० डॉलर कपातीच्या हिशोबातून बाजूला निघायचे. २०१७ च्या टॅक्स कायद्याने ज्या पर्सनल एक्झम्प्शनवर (माणशी टॅक्समाफ रकमेवर) हे सगळं उभं होतं तीच बंद केली, म्हणून २०२० पासून फॉर्मवर अलाउन्स नाहीत. त्यामुळे जुने लोक "झिरो टाक, सेफ राहशील" असं सांगतात ते फेडरलला आता लागूच होत नाही. मात्र कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा राज्यांच्या स्वतःच्या फॉर्मवर अलाउन्स अजून आहेत, आणि टेक्ससमधे पगारावर राज्याचा टॅक्सच नाही.

आत्ताच्या फॉर्मला पाच पायऱ्या आहेत. पहिली नाव आणि फायलिंग स्टेटस (रिटर्न सिंगल म्हणून भरणार की मॅरीड म्हणून), पाचवी सही, या दोनच सगळ्यांना कंपल्सरी. फॉर्म दिलाच नाही तर सिंगल धरून कापतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते दुसऱ्या पायरीत, नवरा-बायको दोघं कमावत असतील तर. दोघांनीही नुसतं 'मॅरीड फायलिंग जॉइंटली' (दोघांचा मिळून एक रिटर्न) निवडलं की प्रत्येकाच्या ऑफिसला वाटतं घरात हा एकच पगार आहे, आणि दोन्हीकडे पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन (टॅक्स काढण्याआधी उत्पन्नातून वजा होणारी ठराविक रक्कम) वजा होतं. २०२४ चे दर घेऊन बघा: दोघांना ९०-९० हजार डॉलर पगार, बाकी काही नाही. प्रत्येकाचे ६,८३२ कापले जातात, मिळून १३,६६४, आणि खरा टॅक्स बसतो २३,२८२. म्हणजे एप्रिलमधे रिटर्न भरताना ९,६१८ डॉलर एकदम भरा, वर पेनल्टी लागू शकते ती वेगळी. तेच दुसऱ्या पायरीतल्या चौकोनात दोघांनीही टिक केली असती तर जवळपास बरोबर २३,२८२ च कापले गेले असते, एका टिकेचा फरक आहे हा! पगारात मोठी तफावत असेल तर मात्र टिकेने जास्तच कापलं जातं, तिथे आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) साइटवरचा एस्टिमेटर वापरावा. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या जोडीदाराला वर्क परमिट मिळून नोकरी लागली की दोघांनीही फॉर्म नव्याने भरावा हे म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं.

तिसरी पायरी मुलांची आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या इतरांची. १७ वर्षांखालच्या मुलामागचं क्रेडिट (टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम) २०२५ पासून २,२०० डॉलर झालंय, पण मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर हवा. पुण्या-नाशकात राहणारे आई-बाबा, त्यांना दरमहा पैसे पाठवत असलात तरी, यात धरता येत नाहीत. चौथ्या पायरीत बाहेरचं उत्पन्न, जास्तीची डिडक्शन्स, आणि दर पेचेकला वरून किती कापायचं ते.

एफ-१ वर (स्टुडंट व्हिसा) नवीन आलेले विद्यार्थी टॅक्सच्या भाषेत नॉनरेसिडेंट असतात. त्यांनी लग्न झालेलं असलं तरी सिंगलच निवडायचं आणि चौथ्या पायरीत शेवटच्या रकान्याखाली 'नॉनरेसिडेंट एलियन' लिहायचं. भारत-अमेरिका टॅक्स करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना रिटर्नमधे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही.

फॉर्म वर्षात कधीही बदलून देता येतो, आणि रिटर्नच्या वेळी बाकी १,००० डॉलरच्या आत राहिली तर कमी कापल्याची पेनल्टी लागत नाही.