टुक्टोयाक्टुकचा रस्ता : पार्श्वभूमी

लेह-लडाख करून आलेल्या आपल्याकडच्या पोट्ट्यांच्या बोलण्यात आता टुक्टोयाक्टुक येऊ लागलंय. यवतमाळ-चंद्रपूरच्या 46 अंशांतून उठून कॅनडाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक समुद्रापर्यंत मोटारसायकलने जायचं. जावं, हौसेला मोल नाही. पण तो रस्ता फटफटीवाल्यांसाठी कोणी बांधला नव्हता.

मूळ वाट स्थानिक आदिवासींच्या कुत्र्यांच्या घसरगाड्यांची. 1910-11 च्या हिवाळ्यात याच मुलखात पोलिसांची चौघांची तुकडी वाट चुकून संपली, आणि त्यांना शोधून काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने पुढे डेम्पस्टर हायवे झाला. त्याचं काम 1959 मध्ये तेलाच्या आशेने सुरू झालं, दोनेक वर्षांत पैशाअभावी थांबलं. 1968 मध्ये शेजारच्या अलास्कात तेलाचा मोठा साठा सापडल्यावर परत हलवाहलव झाली आणि 1979 ला उत्तरेकडच्या इनुविक गावापर्यंतचा 736 किलोमीटरचा खडीचा रस्ता खुला झाला. अलास्कातला डाल्टन हायवेही तेलाचाच. 1974 मध्ये पाइपलाइनसाठी काही महिन्यांत उभा केला, पण शेवटपर्यंत सगळ्यांना मोकळा व्हायला 1994 उजाडलं. तिथे समुद्राआधीचे शेवटचे काही किलोमीटर आजही तेलक्षेत्राच्या हद्दीत आहेत, स्वतःची गाडी नेता येत नाही. टुक्टोयाक्टुकला, म्हणजे टुकला, गाडी थेट समुद्रापर्यंत जाते; त्याचं आकर्षण त्यामुळेच.

खरा वाद झाला तो इनुविकपासून टुकपर्यंतच्या पुढच्या 138 किलोमीटरांवर. 2017 च्या वसंतापर्यंत हिवाळ्यात नदी आणि समुद्र गोठला की त्यावरूनच ट्रक जायचे. बर्फ वितळला की विमान नाहीतर होडी. बारमाही रस्त्याची मागणी 1960 च्या दशकापासूनची. 2014 ला काम सुरू झालं, खर्च सुमारे 30 कोटी कॅनेडियन डॉलर, आणि नोव्हेंबर 2017 ला रस्ता खुला झाला. विरोधकांचं म्हणणं : नऊशेच्या आसपास वस्तीच्या गावासाठी एवढा पैसा? रेनडिअर-कॅरिबूंच्या वाटा, मासे, तळी यांचं काय? त्यात पंचाईत अशी, की रस्त्याचं समर्थन करताना तेल-वायूचा मोठा आधार घेतला होता आणि डिसेंबर 2016 मध्ये सरकारनेच आर्क्टिक समुद्रातल्या नव्या तेल परवान्यांवर बंदी घातली. उरलं पर्यटन.

हे आक्षेप खोटे नाहीत. पण बर्फाच्या रस्त्यासाठी हळहळणारे बहुतेक लोक बाहेरचे होते, भाजी-किराण्याला विमानभाड्यासकट पैसे मोजणारे नव्हते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे ज्याने पाहिलंय त्याला टुकवाल्यांची बाजू वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बांधणीही उलटी. आपण काळी माती उकरून मुरूम भरतो. तिथे उकरणंच मना. जमीन कायम गोठलेली असते, वरचं शेवाळ-गवत सोलून काढलं की ऊन आत पोचतं, बर्फ वितळतो आणि जमीन खचते. म्हणून भर हिवाळ्यात, गोठलेल्या जमिनीवर कापड अंथरून त्यावर खडीचा जाड भराव टाकला. तरी उन्हाळ्यात भरावाच्या कडा ढासळतात, मऊ पडतात, दुरुस्ती चालूच राहते. हवा तापतेय तसा हा खर्च वाढणार, हे रस्ता होण्याआधीच सांगितलं गेलं होतं.

मोटारसायकलवाल्यासाठी हंगाम जून ते सप्टेंबरची सुरुवात, एवढाच. वाटेत पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या फेरीबोटीने ओलांडायच्या; त्या गोठताना आणि फुटताना रस्ता बंद. डेम्पस्टरची खडी धारदार पाटीच्या दगडाची, टायर कापते, आणि पाऊस पडला की चिखल साबणासारखा. डेम्पस्टर सुरू होतो त्या फाट्यापासून पहिला पेट्रोलपंप ईगल प्लेन्सला, 369 किलोमीटरवर. 15 लिटरची टाकी कागदावर पुरते; समोरून वारा लागला, सामान जास्त असलं, तर कॅन बांधूनच निघावं लागतं.